एक 'हिम', दोन धनी

खालील दोन इंग्रजी वाक्ये मोठ्याने वाचा.

(१) द टीचर टोल्ड हिम टु लाइट द बर्नर.
(२) द टीचर प्रॉमिस्ड हिम टु लाइट द बर्नर.

प्रत्येक वाक्यात आठ शब्द आहेत. त्यांतला फक्त तिसरा शब्द वेगळा आहे. आता सांगा, प्रयोगशाळेतला बर्नर पेटवायचा कोणी? पहिल्या वाक्यात शिक्षकांनी त्या मुलाला बर्नर पेटवायला सांगितले. म्हणजे काडी मुलाच्या हातात. दुसऱ्या वाक्यात शिक्षकांनी 'मी बर्नर पेटवीन' असे त्याला वचन दिले. म्हणजे काडी शिक्षकांच्या हातात. एक शब्द बदलला आणि काम करणारा माणूसच बदलला! हे असे का होते, ते आज पाहू या.

या रचनेचे तीन भाग आहेत: आधी एक क्रियापद, मग कोणाचा तरी उल्लेख, आणि शेवटी 'टु' लावून आलेले दुसरे क्रियापद. मधल्या शब्दाकडे नीट लक्ष द्या. (हा 'हिम' हिमालयातला नव्हे, 'त्याला' या अर्थाचा!) पहिल्या वाक्यात तो 'टोल्ड'चे कर्म आहे, कारण सांगितले ते त्याला. पण बर्नर पेटवणाराही तोच, म्हणून अर्थाने तो दुसऱ्या क्रियापदाचा कर्ताही आहे. एक चाकर आणि दोन धनी! अशा वेळी त्याने गणवेश कोणाचा घालायचा? इंग्रजीचे उत्तर ठाम आहे: पहिल्या धन्याचा, म्हणजे कर्माचा. म्हणून तेथे 'ही' चालत नाही, 'हिम'च लागते. त्याचप्रमाणे 'शी'चे 'हर', 'वुई'चे 'अस' आणि 'दे'चे 'देम' होते. 'हिम'च्या जागी 'रमेश' घातला, तर त्याचे रूप बदलत नाही. 'यू' आणि 'इट' यांचेही बदलत नाही. म्हणून विद्यार्थ्यांची चूक बहुतेक वेळा सर्वनामात उघडी पडते.

आता दुसरी जोडी घ्या. 'आय टोल्ड हिम टु कम' आणि 'आय वाँट हिम टु कम'. इंग्रजीत ही दोन वाक्ये जुळ्या भावंडांसारखी दिसतात. त्यांचे मराठी करा:

मी त्याला यायला सांगितले.
त्याने यावे अशी माझी इच्छा आहे.

काय दिसले? पहिल्यात 'त्याला' आहे, दुसऱ्यात 'त्याने'. इंग्रजीने दोघांना एकच 'हिम' दिले. मराठीने मात्र त्यांना वेगळे ओळखले. 'सांगणे' ही क्रिया थेट त्याच्यापर्यंत पोचते, म्हणून '-ला'. इच्छा मात्र त्याची नाही, तर 'त्याने येणे' या संपूर्ण घटनेची आहे. त्याला बिचाऱ्याला आपल्या इच्छेचा पत्ताही नसेल! म्हणून मराठीत तो 'येण्या'चा कर्ता राहतो.

ही कल्पना खरी की खोटी, हे तपासायला एक साधा प्रयोग आहे. त्याला ना परीक्षानळी लागते, ना तराजू. 'हिम'च्या जागी पावसाचा 'इट' घाला. 'आय वाँट इट टु रेन', म्हणजे 'पाऊस पडावा अशी माझी इच्छा आहे'. हे वाक्य अगदी निर्दोष आहे. 'आय एक्स्पेक्ट इट टु रेन' हेही चालते. आता 'आय टोल्ड इट टु रेन' म्हणून पाहा. हसू आले ना? इच्छा कोणत्याही घटनेची धरता येते, पण सांगायला समोर ऐकणारा लागतो. म्हणून या रचनेतील क्रियापदांचे दोन गट करता येतात.

पहिला गट सांगण्याचा: टेल, आस्क, ऑर्डर, ॲड्व्हाइज, रिमाइंड, इन्व्हाइट, टीच. यांत मधल्या व्यक्तीशी थेट संबंध येतो. त्याला आज्ञा केली, त्याला सल्ला दिला, त्याला पोहायला शिकवले. सगळीकडे '-ला' आहे.

दुसरा गट इच्छा-अपेक्षेचा: वाँट, एक्स्पेक्ट, वुड लाइक. यांत संबंध घटनेशी असतो.

मग 'प्रॉमिस'चे काय? वचन त्यालाच दिले, म्हणून '-ला' आहे. पण काम वचन देणाऱ्याने करायचे. 'मी त्याला यायचे वचन दिले' असे म्हटल्यावर येणार कोण, हे मराठीत आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. परंतु 'टु'च्या सर्वांत जवळचा माणूस हाच काम करणारा, असा इंग्रजीतील बहुतेक क्रियापदांचा शिरस्ता आहे आणि 'प्रॉमिस' तो मोडते. त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, ती लहान मुलेसुद्धा येथे फसतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी ५ ते १० वर्षे वयाच्या ४० मुलांचा अभ्यास करून तो १९६९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. दोन बाहुल्यांपैकी एक दुसरीला काही करण्याचे वचन देते, असे सांगून ती कृती बाहुल्यांकडून करवून दाखवायला त्यांनी मुलांना सांगितले. लहान मुलांपैकी कित्येकांनी वचन देणारीला सोडून भलत्याच बाहुलीला कामाला लावले! वय वाढले तशी ही चूक मागे पडली. तेव्हा तुमची येथे चूक झाली, तर लाजू नका.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या चुका पाहू. त्यांचे मूळ बहुधा मराठी वाक्यात सापडते.

'त्याने यावे असे मला वाटते' हे मनात असते, म्हणून 'आय वाँट दॅट ही शुड कम' असे लिहिले जाते. शुद्ध रूप: 'आय वाँट हिम टु कम'.

'त्याला थांबायला सांगितले' यासाठी काही जण 'सेड हिम टु वेट' लिहितात. 'से' हे क्रियापद या घरातले नाही. येथे 'टोल्ड' हवे.

'तिने त्याला डॉक्टरकडे जायला सुचवले' हे मराठीत चालते, पण 'सजेस्टेड हिम टु गो' चालत नाही. 'सजेस्टेड दॅट ही शुड गो' असे लिहा, किंवा 'ॲड्व्हाइज्ड हिम टु गो' म्हणा.

'होप' अर्थाने 'वाँट'च्या जवळचे, पण वागणूक उलटी. 'आय होप हिम टु पास' चूक. 'आय होप दॅट ही विल पास' बरोबर.

'मेक' आणि 'लेट' यांच्यानंतर 'टु' गळतो: 'दे मेड हिम वेट'. गंमत अशी, की कर्मणी प्रयोग केला की 'मेक'बरोबर तो परत येतो: 'ही वॉज मेड टु वेट'. 'हेल्प'नंतर 'टु' ठेवला तरी चालतो, गाळला तरी चालतो.

सारांश असा: क्रियापद एकटे पाठ करू नका. त्याच्यामागे कोणती रचना येते, तीही त्याच्यासोबत वहीत टिपून ठेवा. अर्थावरून रचनेचा अंदाज बांधता येतो, पण खात्री वापरावरूनच करावी लागते.

स्वाध्याय

१. 'शी आस्क्ड देम टु वॉटर द प्लँट्स.' झाडांना पाणी कोण घालणार?
२. 'पतंग वर जावा अशी तिची इच्छा आहे' याचे इंग्रजी करा. पतंगासाठी सर्वनाम वापरा.
३. 'ही टोल्ड अस नॉट टु टच द ॲसिड' आणि 'ही डिड नॉट टेल अस टु टच द ॲसिड' यांत फरक काय?
४. दुरुस्त करा: 'ही सजेस्टेड अस टु रीड दिस बुक.'

उत्तरे: १. ती मुले, म्हणजे 'देम'. २. शी वाँट्स इट टु गो अप. ३. पहिल्यात ॲसिडला हात लावू नका अशी स्पष्ट ताकीद आहे; दुसऱ्यात हात लावा असे सांगितले नाही, एवढेच. प्रयोगशाळेत हा फरक बोटे वाचवणारा आहे! ४. ही सजेस्टेड दॅट वुई शुड रीड दिस बुक.