सदाफुली : लागवड आणि थोडी सावधगिरी

मराठीत सदाफुली, हिंदीत सदाबहार आणि कन्नडमध्ये नित्यपुष्प. तिन्ही नावांचा रोख एकच : बारमाही फुलणारे झाड. मूळचे हे झाड मादागास्कर बेटावरचे. परंतु आज आमच्या मंडीदीपच्या वसाहतीत ते फुटक्या डब्यापासून गटाराच्या कडेपर्यंत कुठेही दिसते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. तरीही घरापुढच्या दोन वाफ्यांच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

सदाफुलीला ऊन आणि निचरा, या दोनच गोष्टी भरपूर लागतात. इकडची जमीन काळी व चिकण. पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात आणि पाणी असूनही झाड सुकल्यासारखे दिसते. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे बुडत्या धंद्यात भांडवल ओतणे होय! म्हणून वाफा वीतभर उंच करावा आणि माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे.

शेंगा पिवळसर होताच, फुटण्यापूर्वी, काळे बी काढून ठेवावे. बी रुजायला अंधार लागतो. त्यामुळे मातीचा पातळ थर देऊन वर कागद झाकावा व अंकुर दिसताच काढावा. रोपे फूटभर अंतरावर लावून शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या फुटतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. खत जास्त झाल्यास पाने माजतात, फुले कमी येतात. जून झालेले झाड थंडी सरल्यावर छाटावे.

आता महत्त्वाचा मुद्दा. आमच्या वसाहतीतील काही वडीलधारी मंडळी 'साखर उतरते' म्हणून रोज सकाळी याची पाने चघळतात. हा समज जुना आहे व इतर देशांतही आहे. 1952 मध्ये जमैकातून याच समजापोटी काही पाने कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. त्यांनी व डॉ. चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर प्रयोग केले. साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. या निरीक्षणातूनच 1958 मध्ये विन्ब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे आले. पुढे याच झाडातून मिळालेले विन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर मोलाचे ठरले. शेकडो किलो सुक्या पानांतून ही द्रव्ये जेमतेम ग्रॅमभर मिळतात, आणि ती डॉक्टर काटेकोर मोजून शिरेतून देतात.

वाचकहो, ज्या गुणामुळे हे झाड औषध ठरले, त्याच गुणामुळे ते विषारीही आहे. शेळीसुद्धा सहसा त्याला तोंड लावत नाही. पाने चघळणाऱ्याला मात्रा कळत नाही, आणि त्या भरवशावर गोळ्या बंद केल्या तर मधुमेह आतल्या आत वाढत राहतो. तेव्हा घरात कोणी अशी पाने खात असेल, तर वाद न घालता आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. कागदावरचे आकडे वडीलधाऱ्यांनाही पटतात. छाटणीनंतर हात धुवावेत, आणि लहान मुलांना फुले तोंडात घालू देऊ नयेत. एवढी काळजी घेतली, तर अंगणात सदाफुलीसारखे बिनखर्चाचे झाड दुसरे नाही.