सगळेच ‘हो’ म्हणतात, तेव्हा थोडं थांबा!

समजा, कामरगावात दहा शेतकऱ्यांचा गट बसलाय. विषय एकच: दाल मिल घ्यायची का? अध्यक्ष म्हणतात, “घेऊन टाकू, कर्ज मिळतंय.” दुसरा म्हणतो, “बरोबर आहे भाऊ.” तिसरा मान हलवतो. तुमच्या डोक्यात मात्र हिशेब चालू आहे: तूर निघते डिसेंबर-जानेवारीत, मग उरलेले महिने मिल कशावर चालणार? हप्ता तर बाराही महिने आहे. तरी तुमची पाळी येते आणि तुम्हीही म्हणता, “चालते ना!”

असं का होतं?

१९५१ च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांनी एक प्रयोग केला. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी लांब, एवढंच सांगायचं होतं. पण गटातले बाकीचे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या उमेदवारांपैकी चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी तेच चुकीचं उत्तर दिलं! काहींना वेगळं पडायचं नव्हतं, तर काहींना वाटलं, एवढे जण म्हणतात म्हणजे आपलंच चुकत असेल.

पुढे १९७२ मध्ये आयर्विंग जॅनिस यांनी ‘ग्रुपथिंक’ हा शब्द रूढ केला. एकमेकांशी घट्ट जमलेल्या गटाला एकी जपायची इतकी घाई होते, की शंका मागे पडते.

आपल्याकडचं इमूपालन आठवा. २०१० च्या आसपास अनेकांनी पक्षी आणले. ‘सगळेच करताहेत’ हाच भरवसा. मांसाला, तेलाला पुरेसं गिऱ्हाईक मात्र उभं राहिलं नाही.

आता उपाय. अ‍ॅशच्या प्रयोगात गटातल्या एकानेही खरं उत्तर दिलं, की दबाव खूपच कमी व्हायचा. उत्तर गुपचूप लिहून द्यायचं असलं, तरी तसंच. म्हणून पुढच्या बैठकीत हे तीन नियम लावा:

१. आधी चिठ्ठी, मग चर्चा. प्रत्येकाने ‘हो’ की ‘नाही’ आणि एक कारण लिहायचं. नाव नको.

२. अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलायचं.

३. दर बैठकीत एकाला चुका शोधायचं काम द्या. पाळी फिरती ठेवा, म्हणजे कुणी ‘विरोधक’ ठरत नाही.

लक्षात ठेवा, बैठकीत गप्प बसलेल्याची सहीसुद्धा कर्जाच्या कागदावर असते. हप्ता त्यालाही भरावा लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या वर्षी गटात तुम्ही मनाविरुद्ध ‘हो’ म्हटलेला एक निर्णय वहीत लिहा. त्याची किंमत रुपयांत मांडा.