मेंदूतील रसायने आणि रोजेदाराची नीयत

एका तरुण नमाजीने विचारले, "इमामसाहेब, इच्छा जर मेंदूतील रसायनांतून उपजत असतील, तर गुनाह माझा कसा?" प्रश्न प्रामाणिक आहे, तो झिडकारू नये.

जीवशास्त्राचे सांगणे नाकारण्याचे कारण नाही. जठर रिकामे झाले की घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात वाढते आणि भूक जागते. रोजेदाराच्या देहातही हेच घडते. तरीही एकांतात, अन्न हाताशी असताना, तो स्वतःला आवरतो. हे आवरणेही मेंदूतच घडते, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या, पण शाईचे पृथक्करण केल्याने पत्राचा अर्थ उलगडत नाही. कृती कोणत्या साधनाने घडली हे कळले, तरी ती का केली हे कळत नाही. ते कारण रोजेदाराच्या नीयतमध्ये आहे: अल्लाह पाहत आहे.

बुखारी व मुस्लिम या संग्रहांतील हदीसनुसार, मनात उठणारे विचार उच्चारात वा कृतीत उतरत नाहीत, तोवर अल्लाहने ते माफ केले आहेत. सूरह नाझिआतमध्ये (७९:४०-४१) जन्नतचे आश्वासन आहे, ते वासना कधी न उठणाऱ्याला नव्हे. रबच्या भयाने नफ्सला वासनेपासून रोखणाऱ्याला आहे.

म्हणून केवळ इच्छा उठली, एवढ्याने निराश होऊ नका. मन आजारी असेल तर उपचार घ्या. शुद्ध हरपलेल्यावर शरीअतनेही भार ठेवलेला नाही. मात्र जिथे स्वतःला आवरणे शक्य आहे, तिथे दोष रसायनांवर ढकलू नका.