चारचौघांत नको

दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरांत राहणाऱ्या आई-बाबांनो, आपल्या वसाहतीत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. कोणाची नाइट शिफ्ट आहे, कोण ५०० मेगावॅटच्या संचावर गेलं, कोणाच्या मुलाला सहामाहीत गणितात किती पडले, हे पलीकडच्या बिल्डिंगलाही कळलेलं असतं. अडीनडीला या ओळखीचा मोठा आधार होतो. पण याच जिन्यात मुलाला उभं करून, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात "याच्या डोक्यात नुसतं शेण भरलंय" म्हटलं, की संध्याकाळी ग्राउंडवर जायची त्याची हिंमत होत नाही.

"मी पोरावर हात उचलत नाही, फक्त बोलतो," असं बरेच वडील सांगतात. हात उचलत नाही हे चांगलंच आहे. पण त्या बोलण्याचाही परिणाम असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या नऊशेहून अधिक कुटुंबांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षी ज्यांना आई-वडिलांकडून ओरडणं, शिव्या, "आळशी", "मूर्ख" असं ऐकावं लागलं, त्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात उदासी वाढली आणि ज्या वागण्यासाठी बोलणी बसत होती तेही वाढलं. एरवी घरात माया असली तरी त्याने हा परिणाम पुसला गेला नाही. "मागून जवळ घेतो ना मी" असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

असं का होतं? चारचौघांत बोलणी खाताना मूल आपल्या चुकीचा विचार करतच नाही. कोण बघतंय, कोण हसलं, उद्या शाळेच्या बसमध्ये कोण चिडवेल, यातच त्याचं मन अडकतं. त्यातून ते एवढंच शिकतं की पुढच्या वेळी सापडायचं नाही. मग उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी जाते, सहीची नक्कल होते आणि आपण म्हणतो, "पोरगा खोटं बोलायला लागला."

आपल्याकडचा आणखी एक टोमणा मला फार लागतो. "अभ्यास कर, नाहीतर ठेकेदाराकडे राख उचलायला जाशील." अहो, आपल्या केंद्राची वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यावरची राख कोणीतरी उचलतंच ना? त्या माणसाचं लेकरू कदाचित तुमच्या मुलाच्याच वर्गात बसतं. एका वाक्यात आपण दोन मुलांना खाली पाहायला लावतो आणि कष्टाने पोट भरणाऱ्या बापालाही.

आता तर जिन्याची जागा मोबाइलने घेतली आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये आकडे शिकताना हात जोडून रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ देशभर फिरला. विराट कोहलीसारख्या खेळाडूंनीही त्यावर कळवळून लिहिलं. तो व्हिडिओ घरच्यांनी आपसात पाहायला काढला होता. रडणाऱ्या मुलाचं चित्रीकरण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना हे आठवावं. ते कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

शाळेत तर हे चालतच नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. सरांनी वर्गात "ढ" म्हटलं तर आपण तक्रार घेऊन जाऊ, आणि घरी तेच आपण म्हणतो.

मग शिस्त लावायची कशी? आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः झाडून काढत, मुलांचे कपडे धुवत. मुलांना वाईट वाटलं असेल, नक्की वाटलं असेल. पण ते पसाऱ्याबद्दल वाटलं, तमाशा झाल्याबद्दल नव्हे. आपल्याला रोज एवढं जमणार नाही, शिफ्ट करून आलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही नाही. दार लावून, एकट्याला समोर बसवून, झालेल्या गोष्टीबद्दलच बोलणं मात्र जमू शकतं. "तू असाच आहेस" नको, "आज तू हे केलंस, आता ते कसं निस्तरणार?" असं विचारा. फोडलेली काच त्याच्या खाऊच्या पैशांतून भरून घ्या, चार दिवस मोबाइल काढून घ्या, ठाम राहा. धाक नको असं मी म्हणत नाही. त्याला बघे नकोत.

"आम्हीही असंच ऐकत मोठे झालो, काही बिघडलं नाही," हे उत्तर मला माहीत आहे. पण ज्या भाऊंनी ते दिलं, त्यांनाच विचारून पाहा. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, पाहुण्यांसमोर वडील काय बोलले ते त्यांना शब्दन् शब्द आठवतं. कशावरून बोलले, ते सहसा आठवत नाही.

आणि जे बोलून झालं असेल त्याचं काय? ते ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याच समोर मागे घ्या. जिन्यात बोलला असाल तर जिन्यातच, शेजारच्या काकू असताना सांगा, "काल मी याला नको ते बोललो. मार्क कमी पडले, ते आम्ही दोघं बघू."