डब्यातली रताळी

आमचे घर मालेगावात आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. घराला अंगण नाही. पण गच्ची आहे. गच्चीवर दिवसभर ऊन असते.

जूनमध्ये शेजारच्या काकूंनी गावाहून काही वेल आणले. त्या अम्मीला म्हणाल्या, "भाभी, हे रताळ्याचे वेल. गच्चीवर लावा."

मी विचारले, "रताळे म्हणजे काय?"

अम्मी हसून म्हणाली, "आपण ज्याला शकरकंद म्हणतो, तेच!"

अब्बांनी रंगाचे दोन रिकामे डबे आणले. ते स्वच्छ धुतले. तळाला भोके पाडली. भोके नसली तर पाणी साचते आणि मुळे कुजतात. मग माती, वाळू आणि थोडे शेणखत मिसळून डबे भरले. खत जास्त झाले, तर नुसती पानेच वाढतात.

काकूंनी वेलांचे वीतभर तुकडे केले. त्यांची खालची पाने काढली. प्रत्येक तुकड्याचे दोन-तीन डोळे मातीत गाडले. "आता चार महिने थांबायचे," त्या म्हणाल्या. एक डबा माझा होता, दुसरा मुन्नाचा.

वेल डब्याबाहेर लोंबू लागले. मुन्ना रोज विचारी, "शकरकंद केवढे झाले?" ऑगस्टमध्ये एके दिवशी त्याने आपले वेल उपटून पाहिले. मुळे करंगळीएवढीच होती. तो रडू लागला. मी त्याला खूप रागावले.

काकू म्हणाल्या, "अगं, रागावू नकोस. वेल जिवंत आहे. त्याचेच तुकडे पुन्हा लावू. पण मुन्ना, आता पुन्हा चार महिने!"

मुन्नाने मान हलवली.

ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या डब्यातली रताळी निघाली. काकूंनी ती काही दिवस सावलीत ठेवायला सांगितली. त्यामुळे गोडी वाढते. अम्मीने रताळी उकडली. मुन्नाने ती खाल्ली. पण स्वतःच्या डब्याला हात लावला नाही. तो रोज पाणी घाली आणि भिंतीवर एक रेघ ओढी.

डिसेंबरच्या शेवटी त्याने डबा पालथा केला. पाच रताळी निघाली! त्यातले सर्वांत मोठे घेऊन तो काकूंकडे धावला. काकूंचा एकादशीचा उपवास होता. रताळे पाहून त्या म्हणाल्या, "आज माझा फराळ मुन्नाच्या शेतातला!"

मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. एकही दिवस चुकला नव्हता. मला माझ्या रागाची लाज वाटली.

माहीत करून घ्या : बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, रताळे हे मूळ आहे. रताळे मूळचे अमेरिका खंडातले आहे.

शब्दार्थ : मूळ – जड, तळ – पेंदा, सावली – साया, वीतभर – बालिश्तभर, पालथा – औंधा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डब्याच्या तळाला भोके का पाडतात?
(आ) मुन्ना भिंतीवर रेघा का ओढत असे?

२. ताईला आपल्या रागाची लाज का वाटली?

३. घरी एका डब्यात रताळ्याचा वेल लावा. दर आठवड्याला काय दिसले, ते मराठीत लिहा.