दोन नाटककार, दोन दरबार

नाटककाराचे जीवन हाच नाट्याचा विषय होऊ शकतो, हे फ्रेंच नाटककार मोलियेर (१६२२–१६७३) याच्या चरित्रावरून स्पष्ट होते. १९७८ साली आरियान म्नूश्किन यांनी त्याच्यावर चार तासांचा चरित्रपट निर्माण केला आणि दूरचित्रवाणीवरही तो भागाभागांनी दाखविण्यात आला. मोलियेरच्या आयुष्यातील संघर्ष मुख्यतः राजाश्रयाचा होता. दांभिक धार्मिकतेवर प्रहार करणारे त्याचे 'तार्त्यूफ' १६६४ मध्ये व्हर्साय येथे सादर झाले आणि लगेच त्यावर बंदी आली. चौदाव्या लुईची मर्जी असूनही सार्वजनिक प्रयोगाची अनुमती मिळण्यास १६६९ साल उजाडले.

मोलियेरच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १६८४ मध्ये, तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे आले. ते स्वतःच नाटककार होते. 'लक्ष्मीनारायणकल्याण' आदी मराठी नाटके त्यांनी रचली, तर 'पंचभाषाविलास' या नाटकात पाच भाषा एकत्र आणल्या. त्यांचे 'सतीदानशूरमु' हे तेलुगू यक्षगान विशेष विचारार्ह आहे. मन्नारगुडीच्या उत्सवात एक विद्वान ब्राह्मण अंत्यज स्त्रीवर लुब्ध होतो आणि तिच्या पतीकडे तिचेच दान मागतो. शिष्य त्याला शास्त्र सांगू लागतो. पण गुरूची विद्या वासनेपुढे निष्प्रभ ठरते. पॅरिसमध्ये असा उपहास करणाऱ्या लेखकाला राजाच्या अनुमतीची प्रतीक्षा करावी लागली. तंजावरात लेखणीच राजाच्या हाती होती.

तथापि पुढील काळाचा न्याय उलटा झाला. मोलियेरच्या नाटकांना १६८० मध्ये स्थापन झालेल्या 'कॉमेदी फ्रान्सेझ'ची रंगभूमी लाभली. महाराष्ट्रातही हरिभाऊ आपटे यांनी 'मारून मुटकून वैद्यबोवा' आणि आचार्य अत्रे यांनी 'कवडीचुंबक' या रूपांतरांद्वारे त्याला आपलेसे केले. याउलट शहाजीराजांची मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांत राहिली. मराठी रंगभूमीचा आरंभ सामान्यतः १८४३ सालच्या विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकापासून मानला जातो. तंजावरची नाटके त्याहून सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत. परंतु त्यांचा वारसा सांगलीपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही.

ग्रंथालयाने संहिता जतन केल्या आणि त्यांतील काही प्रकाशितही केल्या. हे कार्य अमोल होय. परंतु नाटककार लोकस्मृतीत जिवंत राहतो तो प्रयोगांमुळे. मोलियेरचे चरित्र पडद्यावर येऊ शकले, कारण प्रेक्षकांना त्याची नाटके आधीपासूनच परिचित होती. म्हणून शहाजीराजांच्या चरित्राआधी त्यांच्या नाटकांनीच रंगमंचावर येणे अगत्याचे आहे.