उपघटक ३.४ : विशेषनामाचे रूपभेद आणि पोप अनाक्लेतस

विशेषनाम ही व्यक्तीची ओळख असते. परंतु ते भाषेतील शब्दही असते. त्यामुळे ध्वनिपरिवर्तन, संक्षेप आणि लोकव्युत्पत्ती या प्रक्रिया त्यालाही लागू होतात. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे वळण देणे म्हणजे लोकव्युत्पत्ती, हे आपणांस ठाऊक आहेच. या प्रक्रियांमुळे एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती कशा झाल्या, ते येथे पाहू.

मूळ रूप : इ. स. १८०च्या सुमारास इरेनियस यांनी रोमच्या बिशपांची परंपरा नोंदवली. तीत लायनस आणि क्लेमेंट यांच्या मध्ये ‘अनेंक्लेतोस’ हे ग्रीक नाव येते. ‘एंक्लेतोस’ म्हणजे आरोप ठेवलेला. ‘अन्’ हा नकारार्थी उपसर्ग. म्हणून ‘अनेंक्लेतोस’ म्हणजे ‘निर्दोष’. ‘अनुचित’, ‘अनादी’ या शब्दांतील संस्कृत ‘अन्’ हा याच उपसर्गाचा सगोत्र होय.

रूपांतर : लॅटिन परंपरेत या नावाचे ‘अनाक्लेतस’ असे रूप रूढ झाले. ग्रीकमध्ये ‘अनाक्लेतोस’ म्हणजे ‘परत बोलावलेला’. एका अनुनासिकाच्या लोपाने आणि एका स्वराच्या बदलाने नकारार्थी उपसर्ग दिसेनासा झाला व अर्थ पालटला. ‘क्लेतस’ हे संक्षिप्त रूपही प्रचारात होते; त्याचा अर्थ ‘बोलावलेला’.

परिणाम : इ. स. ३५४च्या रोमन यादीत क्लेतस आणि अनाक्लेतस हे दोन स्वतंत्र पोप ठरले. पुढे ‘लिबर पोंतिफिकालिस’ या चरित्रसंग्रहाने क्लेतस यांना रोमचे, तर अनाक्लेतस यांना अथेन्सचे म्हटले. दोघांचे पिताही निराळे सांगितले. नाव दोन झाल्यावर चरित्रेही दोन झाली. संत म्हणून क्लेतस यांचा सण २६ एप्रिलला, तर अनाक्लेतस यांचा १३ जुलैला साजरा होऊ लागला. मात्र रोमन मिस्साविधीच्या प्राचीन प्रार्थनेत लायनस, क्लेतस, क्लेमेंट एवढीच नावे क्रमाने येतात. आज अभ्यासक ही एकच व्यक्ती मानतात. १९६०च्या दिनदर्शिका-सुधारणेत जुलैमधील सण वगळण्यात आला.

निष्कर्ष : जुन्या याद्या वाचताना रूपांच्या संख्येवरून व्यक्तींची संख्या ठरवू नये. केवळ साम्य पाहून दोन नावे एकही करू नयेत. रूप, क्रम आणि नोंदीचा काळ या तिन्हींचा मेळ बसल्यावरच निर्णय घ्यावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘अनेंक्लेतोस’पासून ‘अनाक्लेतस’ होताना कोणते ध्वनिबदल झाले?
२. दोन्ही रूपे एकाच व्यक्तीची आहेत, असे मानण्यास कोणता आधार आहे?